मदत हवी आहे: जुनं इंजिन नव्या रुळांवर सांध्यावर घसरतंय

घसरगुंडी: जुनं खेळण्यातलं इंजिन आहे, रूळ नवीन. सरळ धावतं, सांधा (एका रुळावरून दुसऱ्यावर वळायची जागा) आला की उडी मारून बाहेर. रविवारी भाचा येतोय, तोवर चालू करायचंय. 'शोधून बघा' म्हणू नका, बघून झालंय.

चाकोरी: कुठलं इंजिन? रूळ कोणत्या कोडचे?

घसरगुंडी: हिरवं. खालचं नाव पुसलंय. ओओ (खेळण्यातल्या गाड्यांचं एक माप) आहे, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, मोजलंय. कोडचा काय संबंध?

चाकोरी: आहे ना! कोड म्हणजे रुळाची उंची. १०० म्हणजे २.५४ मिमी, ७५ म्हणजे जेमतेम १.९. जुन्या चाकांची कड खोल असते, ती स्लीपरवरच्या पकडींना आपटते. सरळ रुळावर टकटक येते का?

घसरगुंडी: येते. गाडीचाच आवाज समजत होतो. पाकिटावर ७५ आहे.

लेथवाला: चाकं काढा, कड तासा. विषय संपला.

जुनं_ते_सोनं: विषय नाही, इंजिन संपेल! तासलेली कड परत येते का? कोड १०० अंथरा.

लेथवाला: मग काचेच्या कपाटात ठेवून आरती करा.

तिसरा_रूळ: हॉर्नबी डब्लो (खेळण्यातल्या गाड्यांचा जुना ब्रँड) १९३८ ला आलं ते तीन रुळांवर. दोन रुळांचं १९५९ ला. आधीच्या चाकांत इन्सुलेशन नाही, दोन रुळांवर ठेवलं की शॉर्ट.

चाकोरी: अहो, त्यांचं इंजिन धावतंय. वर वाचा की.

घसरगुंडी, कोड १०० ने टकटक जाईल, सांध्यावरची उडी जाईलच असं नाही. कॅलिपरने दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा. हल्ली साधारण १४.५ ठेवतात. कमी असेल तर चाक सांध्याजवळच्या आतल्या पट्टीवर चढतं.

घसरगुंडी: १३.८.

चाकोरी: सापडलं. आसावर चाकं सरकत असतील तर दोन्ही बाजूंनी सारखी, अगदी थोडी बाहेर घ्या. हातोडी नको.

शिट्टी: चढावर चाकं जागच्या जागी फिरतात का? ट्रायँग कंपनीच्या काही इंजिनांत लोहचुंबक असायचं. ते पोलादी रुळाला धरतं, निकेल सिल्व्हर या मिश्रधातूच्या रुळाला नाही.

घसरगुंडी: चढ नाहीये हो.

तेलकट: तेल कुठलं घालता?

लेथवाला: चाकं आसावर घट्ट बसलेली असली तर शेवटी माझ्याकडेच याल.

जुनं_ते_सोनं: कुणी जाऊ नका.

घसरगुंडी: पुढचं चाक हलतंय, मागचं ढिम्म. रविवारपुरता सांधा काढून नुसता गोल जोडतो. मागच्याचं काय करू ते सांगा, तासणं सोडून.