ब्रायन-जस्टिन की ब्रायन-मायकल? 'क्वीअर ॲज फोक'मधल्या जोड्या आणि आपण

'क्वीअर ॲज फोक' ही अमेरिकन मालिका ज्यांनी पाहिलीय त्यांच्यासाठी हा धागा. २००० ते २००५, पाच सीझन, ८३ एपिसोड, पिट्सबर्गमधला समलिंगी मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप, आणि अजूनही कोणी ब्रायन-जस्टिनचं नाव काढलं की वाद पेटतोच. तुम्ही कुठल्या जोडीसाठी भांडता आणि त्यात तुमच्या आयुष्यातलं काय गुंतलंय ते लिहा, कितीही लांब झालं तरी चालेल.

मी ब्रायन-जस्टिनवाली. जस्टिन १७ चा, ब्रायन २९ चा, हा मुद्दा बाजूला टाकू नये असंच मला वाटतं, सुरुवातीला सगळी सूत्रं एकाच्याच हातात आहेत. पण पहिल्या सीझनच्या शेवटी ब्रायन जस्टिनच्या प्रॉमला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या नाचाच्या पार्टीला येतो, सगळ्या शाळेदेखत त्याच्याबरोबर नाचतो, आणि मग पार्किंगमध्ये वर्गातला तो ख्रिस हॉब्ज बॅटने जस्टिनचं डोकं फोडतो. त्यानंतर रक्ताने माखलेला तो पांढरा स्कार्फ ब्रायन कपड्यांच्या आत घालून हिंडतो आणि कोणाला सांगत नाही. माझे वडील असेच होते, माया तोंडावाटे कधी बाहेर यायचीच नाही, जे काय ते करण्यातून दिसायचं. त्यामुळे ब्रायन थंड आहे असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

*

करण्यातून दिसतं हे ठीक आहे ताई, पण ज्याला रोज अंदाज बांधत जगावं लागतं त्याने काय करायचं? मी इथनच्या बाजूने बोलणार, मला माहितीय सगळे तुटून पडतील. दुसऱ्या सीझनमध्ये जस्टिन त्या व्हायोलिनवाल्याकडे जातो ते मला शंभर टक्के पटतं. इथन पुढे फसवा निघाला ही वेगळी गोष्ट. पण एकोणीस-वीसच्या मुलाला कोणीतरी 'तू मला हवा आहेस' असं स्पष्ट म्हणावं वाटलं तर तो गुन्हा नाही. मी न बोलणाऱ्या माणसाबरोबर बरीच वर्षं काढलीयेत. ब्रायन प्रेम आहे हे म्हणतो कधी, तर पाचव्या सीझनमध्ये त्यांच्या बॅबिलॉन नाइटक्लबमध्ये बॉम्ब फुटल्यावर. म्हणजे जीव जाता जाता वाचल्यावरच बोलायचं का?

*

तुम्ही दोघंही मायकलला, ब्रायनच्या शाळेपासूनच्या जिवलग मित्राला, विसरताय. ब्रिटिश मूळ मालिका बघा, रसेल टी. डेव्हिसची, १९९९ ची, मँचेस्टरमधली. तिथे कथेचा जीव म्हणजे स्टुअर्ट आणि व्हिन्स, म्हणजे तिथले ब्रायन आणि मायकल, आणि शेवटी जीपमधून निघून जातात तेही दोघं एकत्र, नेथन, तिथला जस्टिन, मागे राहतो. अमेरिकन मालिका लांबली तसं कथेचं केंद्र जस्टिनकडे सरकलं. मला त्याचं वाईट वाटतं कारण माझाही एक मित्र आहे शाळेपासूनचा, आमच्यात कधी काही झालं नाही, होणारही नाही, पण माझ्याबद्दल जे त्याला माहितीय ते माझ्या पार्टनरला माहीत नाही. या नात्याला काय म्हणायचं हे मला कोणी विचारलं की मी ब्रायन-मायकलकडे बोट दाखवतो. त्यांनी एकत्र यावं असंही मला नको होतं, फक्त ते दुय्यम आहे असं म्हणू नका.

*

मी बेन-मायकलसाठी लिहितेय कारण या जोडीवर लोक बोलतच नाहीत, 'बोअरिंग' म्हणून पुढे जातात. बेन एचआयव्ही पॉझिटिव्ह, मायकल निगेटिव्ह, आणि मायकलची आई डेबी, जिचा स्वतःचा भाऊ व्हिक पॉझिटिव्ह आहे, जी सगळ्या जगाच्या मुलांची आई होते, तीच मायकलला बेनपासून लांब राहा म्हणते. लोक तिला ढोंगी म्हणतात. मी नाही म्हणणार. माझा नवरा पॉझिटिव्ह आहे आणि आमच्या लग्नाआधी माझी आई जे जे बोलली ते डेबीपेक्षा वेगळं नव्हतं, ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. आणि तो काळ आठवा, संसर्ग टाळायची रोजची गोळी, प्रेप, अमेरिकेत मंजूर झाली २०१२ मध्ये. नियमित औषधाने व्हायरस टेस्टमध्ये दिसेनासा झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून लागण होत नाही, हे आज आम्हाला डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात. बेन आणि मायकलला हे सांगणारं कोणी नव्हतं. तरी दोघं टोरंटोला जाऊन लग्न करतात, घरी परतल्यावर त्याला कायद्याने किंमत शून्य, पेनसिल्व्हेनियात समलिंगी लग्नाला मान्यता मिळायला २०१४ उजाडलं. आणि रस्त्यावर राहणाऱ्या हंटर या पोराला ते घरात घेतात! यात बोअरिंग काय आहे मला कोणीतरी समजावून सांगा.

*

वरचं वाचून गप्पच झाले. माझं छोटंसं. लिंडसे-मेलनी, ग्रुपमधली लेस्बियन जोडी. चौथ्या सीझनमध्ये लिंडसेला त्या सॅम नावाच्या चित्रकाराबरोबर झोपवलं तेव्हा मी मालिका बंद केली होती. लेस्बियन बाईला शेवटी पुरुष हवाच असतो हे मी आयुष्यभर ऐकत आले, तेच माझ्या एकुलत्या आधाराच्या मालिकेत कशाला? लिंडसे बायसेक्शुअल असेल तर तसं नीट लिहायचं होतं, बायसेक्शुअल बायकांवरही तो अन्यायच आहे.

*

ग्रुपमधल्या टेड-एमेटसाठी कोणीच नाही का? मैत्रीतून प्रेम, आणि मग टेडचं क्रिस्टल मेथ या ड्रगचं व्यसन. मी व्यसनी माणसाबरोबर राहिलोय. एमेट ज्या पद्धतीने सोडून जातो त्यावर 'संकटात साथ सोडली' असं लिहिणाऱ्यांनी एकदा त्या घरात राहून बघावं, फोन वाजला तरी पोटात गोळा येतो, पैसे कुठे ठेवू कळत नाही, आणि तुमचं प्रेम अजून संपलेलं नसतं हेच सगळ्यात अवघड. टेड पुढे सावरतो, शेवटी त्याच्या जुन्या बॉयफ्रेंडकडे, ब्लेककडे जातो, जो स्वतः त्यातून बाहेर पडलाय. मला ते योग्य वाटतं. एमेटला परत त्याच्या गळ्यात बांधलं असतं तर मी माफ केलं नसतं.

*

परत मीच, धागा काढणारी. इथनवाल्या, तुझा प्रश्न डोक्यात घोळतोय. पण मग शेवटाचं काय म्हणशील? लग्न ठरतं, ब्रायन घर घेतो, बोलून दाखवतो, तुला हवं होतं ते सगळं करतो, आणि नेमकं तेव्हाच दोघं लग्न मोडतात नि जस्टिन चित्रांसाठी न्यूयॉर्कला जातो. बोलणारा ब्रायन मिळाल्यावर तो जस्टिनला ओळखीचा वाटेना, असं मी धरते. तू काय धरतोस?