सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हिमोग्लोबिनचा वंशवृक्ष विचित्र येतोय. मगरीतले बदल कसे शोधायचे?

शर्वरी_ज
मगर, कासव, सरडा, साप आणि कोंबडी यांच्या अल्फा ग्लोबिनचे (हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा या दोन प्रकारच्या साखळ्यांचं असतं) अनुक्रम घेऊन माफ्ट या प्रोग्रामने जुळवले, आयक्यू-ट्री या प्रोग्रामने वृक्ष काढला. बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या ते सांगणारे आकडे) चांगले आहेत, पण कासवाचा एक अल्फा कोंबडीशेजारी बसतो आणि दुसरा पार वेगळ्या फांदीवर. सापाचंही तेच. शिवाय मगरीतल्या बायकार्बोनेट परिणामाच्या (बायकार्बोनेट चिकटलं की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते) ज्या १२ जागा १९९५ च्या शोधनिबंधात आहेत, त्या माझ्या जुळणीत एकेक घर सरकलेल्या दिसतात. काय चुकतंय?

ग्लोबिनवाला
वृक्ष बरोबर आहे. तो प्राण्यांचा नाही, जनुकांचा आहे. कासव, सरडे, साप आणि पक्षी यांच्या प्रौढ रक्तपेशींत अल्फा-ए आणि अल्फा-डी अशी दोन्ही जनुकं चालू असू शकतात, आणि त्यांची फाटाफूट हे प्राणीगट वेगळे होण्याच्या आधीची आहे. म्हणून सापाचा डी कोंबडीच्या डीजवळच जाणार, स्वतःच्या ए जवळ नाही.

डेटाबेसमधल्या ‘अल्फासारखे’ या नावावर अजिबात विसंबू नका. गुणसूत्रावरचा क्रम बघा: ई, डी, ए. शेजारी एनपीआरएल३ हे जनुक सापडलं की आपण योग्य ठिकाणी आहोत. बीटाची गोष्ट अवघड आहे. तिथे बऱ्याच वंशांत नकला स्वतंत्रपणे झाल्या, त्यामुळे सरड्याच्या बीटाला पक्ष्यातला एकास एक जोडीदार मिळतोच असं नाही. त्यातच शेजारच्या नकला एकमेकींवर अनुक्रम उतरवतात. तिन्ही एक्झॉनचे (जनुकातले प्रथिनाचा संकेत असलेले तुकडे) वृक्ष वेगळे काढा, इंट्रॉनचाही (मधले संकेत नसलेले तुकडे) काढा. ते जुळले नाहीत तर तिथे हीच देवाणघेवाण झाल्याचा संशय घ्या.

सरकलेल्या जागा: डेटाबेस प्रथिनाच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल मोजतो, हिमोग्लोबिनचे लोक मोजत नाहीत. पडताळा सोपा आहे. ई७ चं (ई हेलिक्स म्हणजे ई नावाच्या पिळातली सातवी जागा) हिस्टिडिन अल्फात ५८ वर आणि बीटात ६३ वर यायला हवं. ५९ आणि ६४ दिसलं तर एक वजा करा. अल्फात डी हेलिक्स नाही, म्हणून अल्फा-बीटाची तुलना आकड्यांनी न करता हेलिक्सच्या नावाने करा.

शर्वरी_ज
आभार, वृक्ष आता उलगडला. मग त्या १२ जागा मगरीत आहेत आणि इतरांत नाहीत एवढं दाखवलं, की बायकार्बोनेटचं कारण सिद्ध होईल ना?

पूर्वजशोधक
नाही, आणि हाच या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा आहे. १९९५ मध्ये नागाई यांच्या गटाने मगरीतले १२ बदल माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये घातले आणि बायकार्बोनेटचा परिणाम त्यात आला (त्याला त्यांनी स्कूबा नाव दिलं). प्रयोग सुंदर होता, पण माणूस मगरीचा पूर्वज नाही. २०२३ मध्ये मगर आणि पक्षी यांच्या सामाईक पूर्वजाचं हिमोग्लोबिन पुन्हा घडवून त्यात बदल घातले गेले, तेव्हा चित्र बदललं. मोजक्या जागांचा थेट परिणाम आहेच, पण तो दूरदूरच्या इतर अनेक बदलांच्या आधारावर उभा आहे. ते बदल आले तेव्हा त्यांचा स्वतःचा काही फायदा नसावा. शिवाय हिमोग्लोबिनची एटीपीवरची (पेशीतलं फॉस्फेटयुक्त रेणू, तोही ऑक्सिजनची पकड सैल करतो) पकड सुटणं आणि बायकार्बोनेटवरची पकड येणं यामागे बदलांचे वेगवेगळे संच निघाले.

तुम्ही करायचं ते असं: एकेका जनुकाचा संच निवडा, कोडॉननुसार (डीएनएच्या तीन-तीन अक्षरांच्या गटांनी) जुळणी करा, वृक्ष प्राण्यांच्या मान्य नात्यांचा द्या आणि कोडएमएल या प्रोग्रामने पूर्वजाचा अनुक्रम काढा. ज्या जागी काढलेल्या अमिनो आम्लाची संभाव्यता ०.८ पेक्षा कमी आहे, तिथे दुसरा पर्यायही बनवून तपासा. ई. कोलाय जिवाणूमध्ये अल्फा आणि बीटा एकत्र बनवा, सोबत मेथिओनिन अमिनोपेप्टिडेज (सुरुवातीचं मेथिओनिन कापणारा एन्झाइम) द्या. तो नसेल तर बीटाच्या टोकाला मेथिओनिन चिकटून राहतं. एटीपीसारखं फॉस्फेट नेमकं त्याच टोकाला धरलं जातं, त्यामुळे एटीपीचे आकडे फसवे येतात.

पी५०
मोजणीतला सापळा सांगतो. द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडला की पीएच उतरतो, पी५० (निम्मं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरायला लागणारा ऑक्सिजनचा दाब) वाढतो आणि तो बोर परिणाम (पीएच उतरल्याने ऑक्सिजनची पकड सैल होणं) बायकार्बोनेटच्या नावावर जमा होतो. पीएच वायू सोडल्यानंतर, मोजणीच्याच तापमानाला तपासा. ३७ अंशांवर, पीएच ७.४ ला १ टक्का कार्बन डायऑक्साइडने सुमारे ४.५ मिलिमोलर बायकार्बोनेट तयार होतं, हा हिशोब आधीच करून ठेवा. क्लोराइड सगळ्या नमुन्यांत सारखं ठेवा, ०.१ मोलर चालतं. कार्बन डायऑक्साइड साखळ्यांच्या अमिनो (सुरुवातीच्या) टोकांनाही थेट चिकटतो, तो परिणाम वेगळा धरा.

खरं रक्त वापरायचं असेल तर या प्राण्यांच्या रक्तपेशींत केंद्रक असतं. पेशी फोडल्या की डीएनएमुळे द्रावण चिकट होतं. जोरात सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्या, मग एटीपी पूर्ण काढून टाका. भारतात मगर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, परवानगीशिवाय रक्त घेता येत नाही. अनुक्रमावरून जनुक बनवून घेणं हाच तुमच्यासाठी सरळ मार्ग.