गिअरबॉक्स घरी उतरवावा का? दुसरा गिअर खरखरतोय, घरचे म्हणतात डोकं फिरलंय

दुसरा_गिअर
मंडळी, गाडी १२ वर्षं जुनी, मॅन्युअल, पाच गिअर, पुढच्या चाकांना ताकद जाणारी. दोनेक महिने झाले, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना कर्रर्र करते. सकाळी थंड असताना हमखास, तासभर चालली की कधी होतं कधी नाही. बाकीचे चारही मस्त पडतात. दोन गॅरेजमध्ये दाखवली. एकाने गाडी न चालवताच सांगितलं बॉक्स खोलावा लागेल, दुसरा म्हणाला अख्खा बॉक्सच बदला, कटकट नको. मग माझ्या डोक्यात आलं की आपणच का नाही? क्लच केबल, ब्रेक पॅड, रेडिएटर, एकदा अल्टरनेटर, एवढं घरी केलंय. पाने भरपूर, टॉर्क रेंच आहे, स्टँड दोन आहेत, डोक्यावर छप्पर आहे आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तरी अडत नाही. बायको म्हणते रेडिएटर वेगळा आणि हे वेगळं. करू का नको? फक्त "मेकॅनिककडे द्या" एवढंच लिहू नका प्लीज, का ते लिहा.

काळे_हात
करा. बिनधास्त करा. मॅन्युअल गिअरबॉक्सला लोक उगाच घाबरतात, आत असतं काय, दोन शाफ्ट, त्यावर दातेरी चाकं, सरकवायला काटे, आणि वेग जुळवायला पितळेच्या सिंक्रो रिंगा. ना वायर ना सेन्सर (रिव्हर्सच्या दिव्याचा स्विच आणि काही गाड्यांत वेगाचा सेन्सर सोडला तर). तुमची दुसऱ्याची रिंग गेलीय, एवढंच. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आतल्या शाफ्टला एकदम जोरात फिरवावं लागतं, ते सगळं काम त्या रिंगेच्या माथी, म्हणून बहुतेक गाड्यांत आधी दुसराच मरतो. मी स्वतः घरी खोललाय. निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने आणि त्याच तोंडाने पुठ्ठ्यावर मांडायचा, शेजारी पेनने नंबर, दर पायरीला फोटो. घाई नाही केली तर चुकायला जागा नाही.

पुन्हा_नको
"चुकायला जागा नाही" वाचून हसू आलं आणि थोडं रडूही. मी पण असंच वाचून उतरलो होतो. बोल्ट सगळे निघाले, बॉक्स इंजिनपासून चारेक बोटं मागे आला आणि जॅक घसरला. खाली नाही पडला पण सगळं वजन इनपुट शाफ्टवर, म्हणजे पर्यायाने क्लचप्लेटवर लटकलं. प्लेट वाकली. ते मला तेव्हा कळलं नाही, सगळं परत जोडून गाडी सुरू केल्यावर कळलं, कारण क्लच सुटेचना. म्हणजे सगळं परत उतरवा. खोलताना एक सरक्लिप (शाफ्टवरची स्प्रिंगची कडी) टणकन उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. आणि पाचव्या गिअरचा हब तर हलेचना, पुलर (ओढून काढायचं अवजार) नव्हता, मी हातोडी-छिन्नी घेतली आणि अॅल्युमिनियमच्या केसिंगची कड उडवली. सात आठवडे गाडी स्टँडवर. शेवटी बॉक्स पोत्यात घालून मेकॅनिककडे नेला, त्याने पोतं उघडलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. ते न बोलणं जास्त लागलं. तुमच्याकडे पाने आहेत हे ठीक, पण पुलर आहे का? प्रेस आहे का? डायल गेज? नसेल तर करू नका.

ग्रीसमामा
२६ वर्षं हेच काम करतोय म्हणून चार शब्द. तुम्ही दोघे ऑपरेशनवरून भांडताय आणि पेशंट अजून तपासलाच नाही. आधी एवढं करा, याला एकही बोल्ट काढावा लागत नाही.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग चालू करून, क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खरं बोलतो. थांबूनही कर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, बॉक्सचा दोष नाही. गप पडला तर क्लच ठीक. मग चालत्या गाडीत तिसऱ्यावरून न्यूट्रल, क्लच सोडा, थोडा रेस द्या, परत क्लच दाबून दुसरा टाका. याला डबल क्लच म्हणतात. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रो आणायच्या आधी सगळे असेच चालवायचे. असं केल्यावर दुसरा गुपचूप पडला तर बहुतेक रिंगच झिजलीय. तसंच न्यूट्रलला इंजिन चालू असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की बंद होतो, असं असेल तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलटं, म्हणजे दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, त्याला बॉक्स उतरवायचा पण खोलायचा नाही. गिअर लिव्हरच्या लिंकेजचे बुश आणि इंजिन माउंटिंग पण हलवून बघा, माउंटिंग खचलं की गिअर सटकतात आणि लोक बॉक्स खोलत बसतात.

आणि शेवटी ऑइल. काढायच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा!! खालचा उघडून तेल सोडून दिलं आणि वरचा गंजून अडकला की गाडी जागेवरच.

काळे_हात
मामा, तपासणी मान्य, पण "खोलू नका" हे सांगण्यात गॅरेजवाल्यांचा फायदा असतोच की. गाडी न चालवता खोला म्हणणारे पण तुमच्यातलेच ना.

ग्रीसमामा
खोलू नका असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. आणि हो, न चालवता निदान करणारे आमच्यात आहेत, मला त्यांची लाज वाटते. पण एक सांगतो, उतरवणं आणि खोलणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि तुम्ही दोन्ही एकाच शब्दात बोलताय. उतरवायला ताकद, जागा, स्टँड आणि एक समजूतदार जोडीदार लागतो. खोलायला स्वच्छ टेबल, प्रेस, पुलर आणि हाताला सवय लागते. पहिलं काम घाणेरडं आहे पण सोपं, दुसरं स्वच्छ आहे पण अवघड. शाफ्ट बाहेर काढून नवीन बेअरिंग घातलं की शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) परत मोजाव्या लागतात. मिलिमीटरच्या शंभरातल्या काही भागांचा फरक, डोळ्याला दिसत नाही, पण चुकला तर बॉक्स रडतो नाहीतर बेअरिंग तापून मरतं. पुठ्ठ्यावर क्रम लावून हे कळत नाही हो.

अर्धा_क्लच
विषयाला फाटा देतोय, माझी ऑटोमॅटिक आहे, गिअर बदलताना धक्का मारते. हेच सगळं मला लागू का?

ग्रीसमामा
नाही. ऑटोमॅटिक घरी खोलू नका, याबाबतीत मी सरळ नाहीच म्हणतो. व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब इकडेतिकडे वळवणारा भाग) बारीक गोळ्या असतात, एक जागा चुकली की संपलं, धूळ पण चालत नाही. फ्लुइड बदलणं घरी जमेल, पण कंपनीने सांगितलेलंच घाला, सीव्हीटीचं (ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक) तर वेगळंच असतं, आणि लेव्हल ठराविक तापमानाला बघायची असते. खालचा बोल्ट काढून साधारण निम्मंच निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं. त्याआधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या.

दुसरा_गिअर
मामा सांगितलेलं सगळं केलं. रिव्हर्स एकदम गप. डबल क्लच पहिल्या तीन वेळा मला जमलाच नाही, रेस कमी पडत होता, चौथ्यांदा दुसरा असा पडला की मी आत एकटाच ओरडलो. म्हणजे रिंग.

मग ऑइल. भरायचा बोल्ट खरंच अडकला होता, गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवला, सकाळी पान्याला पाइप लावून कट्ट करून सुटला. तेल दोन लिटर असायला हवं, निघालं दीडच्या आत, काळं आणि जळक्या वासाचं. एका एक्सलच्या सीलपाशी ओल आहे, तिथूनच गेलं असणार. खालच्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक आहे त्यावर राखाडी लुकण, बोटावर चोळलं तर मऊ, टूथपेस्टसारखं. तुकडे किंवा कपच्या नाहीत. तेल गाळून गाळणी उन्हात धरली तर पितळेची बारीक चमक दिसते, सोनेरी धुळीसारखी. हे वाईट का?

काळे_हात
राखाडी लुकण नॉर्मल. सोनेरी म्हणजे रिंग बोलतेय. दात तुटलेला नाही, म्हणजे आतली बाकी बॉडी शाबूत, उलट आता तर खोलाच. जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घाला तोपर्यंत, जाड संरक्षण.

ग्रीसमामा
नको! गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाले पदार्थ साधारण दुप्पट, ते डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) तिरप्या, हायपॉइड दातांसाठी असतात. सिंक्रोला घर्षण हवं असतं, रिंगेने गिअरच्या शंकूसारख्या कडेला धरायलाच हवं, तिथे तुम्ही जास्त निसरडं तेल घालताय. शिवाय त्यातले काही पदार्थ पितळेला खातात. मोठा नंबर म्हणजे चांगलं असं नसतं.

काळे_हात
बरं, हे मला माहीत नव्हतं. माझ्यात जीएल-५च आहे गेली दोन वर्षं 😐

पुन्हा_नको
आणि तुम्ही दुसऱ्यांना बिनधास्त करा म्हणताय.

काळे_हात
तेल चुकलं म्हणून हात चुकत नाहीत. तुमचं एकदा बिघडलं म्हणून कुणीच करू नये का? जॅक घसरला हा जॅकचा प्रश्न, गिअरबॉक्सचा नाही. आणि आपली गाडी आतून कशी आहे हे एकदा हाताने बघितल्यावर जी समज येते ती कुठलं गॅरेज देणार? मी रिंग हाताने त्या शंकूवर दाबून, फिरवून, मग फिलर गेजने फट मोजली होती. नवीनला मिलिमीटरभर, जुनीला गेजचं पातळ पान पण जाईना. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, पण फरक डोळ्यासमोर दिसतो, तो क्षण मी विसरणार नाही.

पुन्हा_नको
समज येते, मान्य. मला पण आली. पण गाडीखाली पाठीवर झोपून चाळीसेक किलोचा धातूचा गोळा छातीवर घ्यायचा, याला कुणी समज म्हणत नाही. तुमच्यापैकी किती जण खरंच तो बॉक्स हातांनी पेलून परत वर चढवतात? उतरताना तो स्वतःच्या वजनाने उतरतो हो, चढवताना शाफ्टचे खाचे क्लचप्लेटच्या खाच्यांत अचूक बसावे लागतात, दोन हात थरथरत असतात आणि तिसऱ्या हाताने फिरवायचं. क्लचप्लेट आधी डमी शाफ्टने मधोमध धरली नसेल तर तो जन्मात बसणार नाही. मग माणूस काय करतो, उरलेली फट बोल्ट आवळून मिटवायला बघतो आणि बेलहाउसिंगचा (बॉक्सचा इंजिनला जोडणारा घंटेसारखा भाग) कान तोडतो. मी तोडला नाही. पण आवळायला घेतला होता.

ग्रीसमामा
हे शंभर टक्के. फट राहिली तर आवळू नका, बाहेर घ्या आणि का बसत नाही ते बघा. अजून तीन गोष्टी. एक, गाडी फक्त जॅकवर असताना खाली जायचं नाही, स्टँड हवेतच, आणि दोन पुरत नाहीत, चार घ्या. दोन, बॉक्सचं माउंटिंग काढलं की इंजिन लटकतं, ऑइल चेंबरखाली लाकडी फळी ठेवून दुसरा जॅक नाहीतर वरून आडवा दांडा. तीन, दोन्ही एक्सल एकदम काढले की काही गाड्यांत डिफरन्शिअलचे साइड गिअर आत सरकतात, एका बाजूला दांडा घालून ठेवा. आणि चाकांच्या हबचे नट चाकं जमिनीवर असतानाच ढिले करा, हे सगळेच विसरतात.

अर्धा_क्लच
वाचूनच पाठ दुखायला लागली.

दुसरा_गिअर
अपडेट. एक्सलचं सील बदललं, हे जमलं, जुनं काढताना स्क्रू ड्रायव्हरने खाचेत ओरखडा पडता पडता वाचला. तेल नवीन, जीएल-४, ७५डब्ल्यू-८०, पूर्ण दोन लिटर. दहा दिवस चालवून सांगतोय, थंड असताना अजून करते पण पाचातून एकदा. गरम झाली की नाहीच. रिंग परत उगवली नाही हे कळतंय मला, तेल भरल्यामुळे उरलेली जेवढी आहे ती नीट धरतेय.

ठरवलंय असं. क्लच ९० हजार किमीचा आहे, हल्ली पेडल बरंच वर आल्यावर धरतोय, वर्षभरात बदलावाच लागेल. त्याला बॉक्स उतरवायचाच आहे. तेव्हा चार स्टँड आणि भाड्याने गिअरबॉक्स जॅक आणून मी आणि मेव्हणा उतरवणार, छातीवर वगैरे नाही. बॉक्स बाहेरून धुऊन पुसून खोलायला मात्र देणार, दुसऱ्याची रिंग, लागला तर हब-स्लीव्ह, आणि बेअरिंगं बघून. आल्यावर क्लच नवीन घालून परत आम्हीच चढवणार.

काळे_हात
म्हणजे घाण सगळी तुमच्याकडे आणि मजा दुसऱ्याला. टेबलावरचं काम देऊन टाकलंत! तिथेच तर बघण्यासारखं असतं.

ग्रीसमामा
खोलताना समोर उभे राहून बघू द्या म्हणा. नाही म्हणाला तर दुसरा शोधा. मी तर स्टूल देतो. आणि जुनी रिंग परत मागून घ्या, बदलली का नाही ते तिच्यावरून कळेल.

पुन्हा_नको
मेव्हण्याला जॅकच्या बाजूला उभं करा, खाली नको. एवढंच. बाकी शुभेच्छा, माझ्याकडे गिअरबॉक्स जॅक नव्हता हे मी वर लिहायचं राहिलं, कदाचित तिथेच चुकलं.

काळे_हात
कदाचित??

दुसरा_गिअर
😄 एक राहिलं. मधल्या काळात गाडी बायको पण चालवते म्हणून तिला डबल क्लच शिकवला. दोन दिवसांत माझ्यापेक्षा साफ मारायला लागली, थंड गाडीत पण आवाज नाही. आता विचारतेय की मग उतरवायचा कशाला.