एकट्या 'प्रिन्स'वरून मॅकियाव्हेली ठरवू नका

सत्ता कशी मिळवावी आणि टिकवावी यावरच्या 'प्रिन्स' या पुस्तकामुळे इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली म्हणजे हुकूमशहांचा सल्लागार, असं म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. १४९८ ते १५१२ हा माणूस इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या प्रजासत्ताकाच्या नोकरीत होता. भाडोत्री सैन्याच्या भरवशावर राहू नका, असं कानीकपाळी ओरडून त्याने खेड्यापाड्यांतल्या माणसांची फौज उभी करायला लावली. फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवणारं मेदिची घराणं सत्तेवर परतलं आणि त्याची नोकरी गेली. १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकलं. हात पाठीमागे बांधून दोराने वर खेचायचे आणि एकदम खाली सोडायचे, असा छळ झाला.

त्याच वर्षी डिसेंबरात मित्र वेत्तोरीला लिहिलेलं पत्र जरूर वाचा. दिवसा गावच्या खाणावळीत खाटकाशी, गिरणीवाल्याशी खेळ आणि कवडीकवडीवरून भांडणं. संध्याकाळी चिखलाने माखलेले कपडे दारातच उतरवून दरबारी पोशाख चढवायचा आणि चार तास प्राचीन ग्रंथकारांच्या सहवासात घालवायचे! 'प्रिन्स' या दिवसांतलं.

प्राचीन रोमन इतिहासकार लिव्हीच्या इतिहासावर लिहिलेल्या ग्रंथात तर तो ठामपणे मांडतो, की उमराव आणि सामान्यजन यांच्या संघर्षातूनच रोमचं स्वातंत्र्य टिकलं, आणि कायद्याने बांधलेली जनता राजापेक्षा शहाणी असते. हुकूमशहाचा भाट असं कशाला लिहील?