शब्दचर्चा : विक्षिप्त माणसाची ‘समाधी’ म्हणावे का?

प्रश्न

इंग्लंडमधल्या ससेक्स भागातल्या ब्राइटलिंग या खेड्याविषयी मराठीत लिहिते आहे. तिथल्या चर्चच्या आवारात, साध्या उभ्या दगडांच्या मधोमध, २५ फूट उंचीचा दगडी पिरॅमिड आहे. तो गावचे मोठे जमीनदार जॉन फुलर (१७५७–१८३४) यांनी स्वतःसाठी १८११ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या २३ वर्षे आधी उभारला. लोक त्यांना ‘मॅड जॅक’ म्हणत. त्यांना स्वतःला ‘ऑनेस्ट जॉन’ आवडे.

मी लिहिलेले वाक्य : ‘विक्षिप्त जमीनदाराने हयातीतच स्वतःची समाधी बांधली.’ घरात वाचून दाखवले तर ‘समाधी’ खटकते म्हणाले. मग काय लिहावे? थडगे, कबर, मकबरा, छत्री, स्मारक? आणि ‘विक्षिप्त’ बरोबर आहे ना?

प्रतिसाद १

ताई, खटकण्याला कारण आहे, आणि ते तुमच्याच वाक्यात आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. विक्षिप्त चित्तात समाधी क्षणभर लागते, पण विक्षेपाच्या, म्हणजे मन भरकटण्याच्या, ताब्यात राहते, म्हणून ती योगात धरत नाहीत, असे भाष्यकार म्हणतात. म्हणजे तुमच्या वाक्यात एकमेकांपासून दूर पळणारे दोन शब्द शेजारी बसले आहेत. आज ‘विक्षिप्त’ म्हणताना हे कुणाच्या मनात नसते, हे खरे. तरी शब्दाची जुनी ओढ कानाला कळते.

‘समाधी’त आणखी एक गोष्ट आहे. ती ‘घेतात’. ज्ञानेश्वरांनी आळंदीला शके १२१८ मध्ये घेतली. त्या घेण्यावरून जागेला ते नाव मिळाले.

प्रतिसाद २

पण मग रायगडावर काय आहे? शिवाजी महाराजांची समाधीच म्हणतो ना आपण. अलिबागला कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. हे राजे, सरदार, योगी नव्हेत. मराठीने हा शब्द संतांपुरता कधीच ठेवला नाही, त्यामुळे व्युत्पत्तीवरून तो नाकारता येणार नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ज्याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात, त्याच्या जागेला आपण समाधी म्हणतो. फुलर घराण्याचे जमैकात गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, आणि संसदेत बसून या गृहस्थांनी गुलामगिरी बंद करायला विरोध केला. ब्रिटिश वसाहतींत मुक्तीचा कायदा लागू झाला १ ऑगस्ट १८३४ ला, ते गेले त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. त्यांच्यासाठी हा शब्द माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

प्रतिसाद ३

छत्री चालणार नाही. वानवडीची शिंदे छत्री महादजी शिंद्यांच्या दहनाच्या जागी आहे. छत्रीखाली देह नसतो, इथे तो आहे. ‘स्मारक’ म्हटले तर पुरले आहे की नुसता पुतळा उभा केला आहे, हे कळतच नाही.

मकबऱ्याचा मात्र विचार करा. कबर ज्या वास्तूत आहे तो मकबरा. दोन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. शिवाय स्वतःच्या हयातीत बांधायला घेण्याची चालही तिथली : विजापूरचा गोल घुमट मुहम्मद आदिलशहाने आपल्यासाठी उभारायला घेतला, १६५६ मध्ये तो वारला तेव्हा तिथेच दफन झाले. अर्थाने मकबरा चपखल आहे. फक्त मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे औरंगाबादचा बीबी का मकबरा उभा राहील, ससेक्सची हिरवी टेकडी नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. एक तपशील द्यायचा राहिला. पिरॅमिडच्या आत भिंतीवर थॉमस ग्रे या कवीच्या शोककाव्यातले नववे कडवे कोरले आहे. कुळाचा अभिमान, सत्तेचा डौल, रूप, संपत्ती, साऱ्यांची एकच घडी ठरलेली, असे त्यात आहे. आणि वैभवाच्या वाटा शेवटी कुठे जातात ते सांगणारा त्याचा अखेरचा शब्द साधा, ‘थडगे’ याच अर्थाचा आहे.

प्रतिसाद १

मग उत्तर भिंतीवरच आहे. थडगे. फुलरनी स्वतः निवडलेल्या ओळीतला शब्द. त्यात भक्ती नाही, तिरस्कारही नाही. बोलीतले ‘थडगं’ लिहिलेत तर कडव्याच्या साधेपणाच्या आणखी जवळ जाल.

‘विक्षिप्त’ऐवजी ‘तऱ्हेवाईक’ सुचवतो. विक्षिप्तपणात दुसऱ्याला होणारा जाच येतो, तऱ्हेवाईकपणात स्वतःची तऱ्हा जपणे येते. ‘अवलिया’ नको, त्यात फार माया आहे.

प्रतिसाद २

तऱ्हेवाईक मान्य. घरातून डॅलिंग्टनच्या चर्चचा मनोरा दिसतो अशी त्यांनी पैज मारली, दिसत नाही म्हटल्यावर त्या दिशेला तसलाच सुळका बांधून टाकला, अशी आख्यायिका आहे. तो सुळका आजही उभा आहे, नाव ‘शुगर लोफ’. याचे भाषांतर कृपा करून ‘साखरेची वडी’ करू नका. त्या काळी साखर निमुळत्या ढेपांत विकत, म्हणून ‘साखरेची ढेप’ लिहा. आणि ती साखर कुठून येत होती, हे वाचकाला सांगितले पाहिजे.

न्यायाने हेही लिहा की बोडियमचा किल्ला पाडला जाऊ नये म्हणून त्यांनी १८२८ मध्ये तो विकत घेतला, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधले रसायनशास्त्राचे जे अध्यासन १८३३ मध्ये शास्त्रज्ञ मायकल फॅरडेंना मिळाले ते त्यांच्या देणगीतून उभे राहिले होते.

प्रतिसाद ३

आता ‘हयातीतच स्वतःचे’. शब्द बरोबर आहेत, पण पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा वास येतो. मराठीत पुढच्या वेळेची सोय आधीच करण्यासाठी एक क्रियापद तयार आहे : ठेवणे. पाणी भरून ठेवले, डबा करून ठेवला. शिवाय पिरॅमिडची रचना वास्तुकार रॉबर्ट स्मर्क यांची मानली जाते. म्हणजे जमीनदाराने तो बांधला नाही, बांधवला. ‘थडगे बांधवून ठेवले’ एवढ्यात मालकाची हौस, गवंड्याचे हात आणि तेवीस वर्षांची वाट पाहणे, तिन्ही आले.

प्रश्नकर्ती

‘ठेवले’ माझ्या लक्षातच आले नव्हते. घरी सांगितले तर आई म्हणाली, आपण जपून ठेवलेल्या पैठणीबद्दल तसेच बोलतो की.

आता वाक्य असे : ‘ब्राइटलिंगच्या तऱ्हेवाईक जमीनदाराने चर्चच्या आवारात आपले थडगे बांधवून ठेवले.’ पुढे ती दंतकथा येते : आत फुलर उंच टोपी घालून खुर्चीत बसलेले, समोर भाजलेली कोंबडी आणि लाल मद्याची बाटली. १९८२ च्या दुरुस्तीत कळले की तसे काही नाही, चारचौघांसारखे जमिनीखाली पुरलेले आहेत. इथे ‘पुरलेले’ राहू द्यावे की ‘दफन केलेले’?

प्रतिसाद १

पुरलेले. वर थडगे लिहिल्यावर खाली दुसरा शब्द शोभणार नाही.