तिसऱ्या तासाला कान काय सांगतात? इंदूरकरांचे हेडफोनचे अनुभव

माझा मुलगा अकरावीत आहे. मागच्या वाढदिवसाला त्याला गेम खेळायला मोठा हेडफोन घेऊन दिला. दुकानात दोन मिनिटं लावून बघितला, आवाज भरदार वाटला, कडेला दिवे लागत होते, मुलगा खूश होता. घेऊन आलो. पंधरा दिवसांत त्याच्या कानशिलात ठणका सुरू झाला. खेळून उठला की कानाच्या पाळ्या लालभडक. डोळे तपासून आणले, ते ठीक निघाले. मग एका रविवारी मी स्वतः तो हेडफोन लावून तासभर बसले आणि कळलं की पोर रोज काय सोसत होतं.

म्हणून हा धागा काढतेय. कुठल्या कंपनीचा आवाज चांगला हे कुठेही वाचायला मिळतं. मला हवंय ते दुसरंच: तुम्ही रोज किती वेळ हेडफोन लावता, कितव्या तासाला त्रास होतो, नेमका कुठे होतो, आणि काय बदलल्यावर थांबला. आपल्या इंदूरचा एप्रिल-मे, घरोघरी घरघरणारे कूलर, चष्मे, वेण्या, सगळं धरून लिहा. ऐकायला संगीत असो, ऑफिसचे कॉल असोत की गेम, सगळ्यांनी लिहा.

विजयनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

ताई, तुमच्या मुलाला चष्मा आहे का? असेल तर आधी तिथे बघा. माझं दोन वर्षं हेच होऊन राहिलं होतं. रात्री चार-चार तास व्हॅलोरंट (गोळीबाराचा ऑनलाइन गेम), आणि दुसऱ्या तासापासून कानाच्या वर काडी टोचायची. हेडफोनची गादी चष्म्याची काडी डोक्यात दाबते. गेमिंगचे बरेच हेडफोन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतात, आणि ते घसरू नयेत म्हणून पट्टा घट्ट ठेवलेला असतो. वजन टाळूवर येतं, दाब कानशिलावर.

मी तीन गोष्टी केल्या. पट्टा आतून स्टीलचा होता, म्हणून हेडफोन रात्री पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला, गठ्ठा डोक्यापेक्षा थोडासाच रुंद. चार-पाच रात्रींत पकड सैल झाली. प्लास्टिकच्या पट्ट्यावर हे करू नका, तडकतो. दुसरं, रेक्झिनसारख्या गाद्या काढून मखमली कापडाच्या बसवल्या. त्या मऊ असतात, काडीभोवती दबतात, आणि घाम कमी येतो. खालचा घुमारा मात्र थोडा कमी झाला, हे खरं सांगतो, कारण रेक्झिन कानाभोवती हवा बंद करतं आणि कापड करत नाही. तिसरं, पुढचा चष्मा घेताना जाड प्लास्टिकच्या काड्यांऐवजी पातळ धातूच्या घेतल्या. सर्वांत जास्त फरक या तिसऱ्यानेच पडला.

अजून एक. डब्यावर ‘७.१’ (चारही बाजूंनी आवाज येतो असा भास) लिहिलेलं असतं त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. हेडफोनला कान दोनच, बाकीचं सगळं सॉफ्टवेअरचं काम. व्हॅलोरंटच्या सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे, तो साध्या स्टीरिओ हेडफोनवरही पावलं पुढून येताहेत की मागून ते छान सांगतो. तो चालू ठेवून वर हेडफोनचं ७.१ पण लावलं, तर दोन्ही मिळून दिशेचा गोंधळ होतो. मी सहा महिने तसाच खेळलो आणि मागून मार खात राहिलो.

अन्नपूर्णा रोड, गृहिणी

कानात मोत्यांच्या कुड्या आणि मागे अंबाडा असलेल्या बाईने हेडफोन लावून दाखवावा. कुडीची फिरकी कानामागे रुतते, अंबाड्यामुळे पट्टा पुढे सरकतो. मी रोज दोन तास स्वयंपाक करताना कीर्तनं आणि कथावाचन ऐकते. मोठा हेडफोन मुलीला देऊन टाकला. आता गळ्यात अडकवायचा नेकबँड आहे. त्याच्याबरोबर तीन मापांची रबरी टोकं आली होती. सगळ्यांसारखी मीही मधली लावली होती आणि महिनाभर कान दुखले. लहान टोक लावलं आणि दुखणं गेलं. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डाव्या कानाला मधलं बसतं, उजव्याला लहान.

सुपर कॉरिडॉर, आयटीत नोकरी

दिवसाला सहा तास कॉल, संध्याकाळी मुलासोबत एखादा गेम. ब्लूटूथचा महागातला हेडफोन घेतला होता. गाणी सुरेख वाजायची. कॉल सुरू झाला की तोच हेडफोन जुन्या टेलिफोनसारखा वाजायला लागायचा. मला वाटलं बिघडला. दोनदा बदलून आणला, दुकानदाराशी वादही झाला, आणि त्याची चूक नव्हती हे नंतर समजलं. नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की हेडफोन संभाषणाच्या पद्धतीवर जातो. त्यात आवाज दोन्ही बाजूंनी पाठवायचा असतो, म्हणून त्याचा दर्जा उतरतो. गेममध्ये मित्रांशी बोलायचं म्हणून माइक चालू केला की गेमचा आवाजही तसाच चपटा होतो.

उपाय सोपा निघाला. लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडायचा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवायचा. गेमसाठी वेगळा हेडफोन घेतला, यूएसबीत छोटा डोंगल लावून चालणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे राहू शकतो. गाण्यात ते जाणवत नाही, सिनेमात चित्र आवाजाशी जुळवून घेतलं जातं, पण गेममध्ये गोळी आधी दिसते आणि मग ऐकू येते. डोंगलवर किंवा वायरवर हा त्रास नाही.

आरामाबद्दल विचाराल तर सहा तासांना कुठलाच हेडफोन आरामाचा नाही. मी दर कॉलनंतर तो काढून ठेवतो, कान उघडे पडू देतो. एवढ्यानेही खूप फरक पडतो.

खजराना, कॉलेज

कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन मला अर्ध्या तासाच्या वर चालत नाहीत. कानाचं मऊ हाड डोक्याच्या हाडावर दाबलं जातं. कान पूर्ण आत घेणारेच बरे.

जेल रोड, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला

ताई, काउंटरच्या अलीकडून लिहितो. गिऱ्हाईक येतं, एक गाणं लावतं, आवाज पूर्ण वर करतं, खाली किती घुमतं ते बघतं आणि पैसे देतं. बसायला कसा आहे हे कोणी बघत नाही. मी ज्यांना ओळखतो त्यांना असं करायला सांगतो.

हेडफोन लावा आणि आवाज बंदच ठेवा. कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते का बघा. आज नुसती टेकली तर तासाभराने तीच जागा दुखणार, कारण गादी गरम होऊन अजून दबते. मान खाली घाला, मोबाईल बघतो तशी. हेडफोन पुढे सरकला तर सैल आहे. मग तोंड हलवा, पोहे चावल्यासारखं. जबड्याच्या सांध्यावर गादी येत असेल तर ते लगेच कळतं. पट्टा शेवटच्या खाचेपर्यंत ओढावा लागत असेल तर तो तुमच्या डोक्याचा नाही, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि दुकानात दहा मिनिटं बसा. चांगला दुकानदार बसू देतो, आम्ही तर चहा मागवतो.

पिनेचंही विचारून घ्या. जुन्या कॉम्प्युटरला माइक आणि आवाजाची दोन वेगळी भोकं असतात, नव्या हेडफोनला तीन काळ्या रेघांची एकच पिन. त्याला दोन तोंडांची छोटी वायर लागते. ती नसली की लोक माइक खराब म्हणून परत घेऊन येतात.

एक पोरगा २५० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) स्टुडिओचा हेडफोन हट्टाने घेऊन गेला होता, मोबाईलवर लावायला. दुसऱ्या दिवशी परत, आवाजच येत नाही म्हणून. तशा हेडफोनला वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. मोबाईल-लॅपटॉपला ३२ ओहमच्या आसपासचाच घ्या.

सुदामानगर (धागा काढणारी)

दादा, तोंड हलवून बघायचं मला कधी सुचलंच नसतं. आणि विजयनगरच्या मुला, हो, चष्मा आहे. काडी चांगली जाड आहे. आज बघते.

पलासिया, श्रवणतज्ज्ञ

माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये ‘कानात शिट्टी वाजते’ ही तक्रार घेऊन येणारी पुष्कळ असतात, म्हणून आरामाबरोबर आवाजाचंही लिहिते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी ठरवलेलं माप असं: मोठ्यांना ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास, लहान मुलांना ७५ डेसिबलवर ४० तास. आता यातली महत्त्वाची गोष्ट. दर तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ८३ वर २० तास, ८६ वर १०, ८९ वर फक्त ५. कानाला तीन डेसिबलचा फरक जेमतेम जाणवतो, पण आतल्या नाजूक केसपेशींना तो पुरता जाणवतो, आणि त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.

आवाज वाढवावा का लागतो, हे शोधा. आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर असतं कूलर. खोलीत कूलर सुरू असतो, मूल त्याच्यावर आवाज चढवतं, आणि तीन तास तसाच राहतो. इथे नॉइज कॅन्सलेशनचा, म्हणजे बाहेरचा आवाज कापणाऱ्या सोयीचा, खरा उपयोग आहे. कूलर, पंखा, बस यांचा एकसुरी खालचा आवाज ते छान कापतं. कुकरची शिट्टी किंवा आईची हाक कापत नाही, ती कापली जाईल या आशेने घेऊ नका. काहींना ते चालू केल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात. तसं झालं तर बळेच सवय करू नका, नीट बंद बसणारा साधा हेडफोनही पुष्कळ काम करतो.

आणि खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजली किंवा आवाज कापूस घातल्यासारखे दबके वाटले, तर त्या दिवशी आवाज जास्त झाला होता असंच समजा. पुन्हा पुन्हा होत असेल तर तपासून घ्या.

लोकमान्यनगर, बी.कॉम.

माझ्या हेडफोनची गादी दुसऱ्याच उन्हाळ्यात सोलली. कानाला, उशीला, अभ्यासाच्या वहीला काळे कपचे. ते चामडं नसतं, कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा थर असतो आणि घाम-दमटपणाने तो फुटत जातो. हेडफोन मात्र ठणठणीत होता. माझ्या आजीने जुन्या मऊ सुती लुगड्याचे गोल कापून इलास्टिक घालून टोप्या शिवून दिल्या. दोन जोड्या, एक धुवायला एक लावायला. मे महिन्यात कान चिकट होत नाहीत आणि आवाजात मला तरी काही फरक वाटला नाही. नंतर नव्या गाद्या मिळाल्या तरी टोप्या मी काढल्या नाहीत. गादी घेताना आतल्या भोकाची लांबी-रुंदी मोजून घ्या, नुसतं बाहेरचं माप बघून घेतलेली माझी पहिली जोडी वाया गेली.

रामबाग, निवृत्त

मी गेम खेळत नाही, पण तुम्ही सगळ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. वय ७१. रात्री जेवणानंतर दोन-अडीच तास गाणं ऐकतो. आमचं इंदूर गायक अमीर खाँ साहेबांचं. त्यांची विलंबित बढत ऐकायची तर घाई चालत नाही, आणि कान दुखत असेल तर बसवतच नाही. एक स्वर ते इतक्या सावकाश उलगडतात की मधल्या शांततेत तानपुरा ऐकू आला पाहिजे.

मुलाने पुण्याहून बंद कानाचा भारी हेडफोन पाठवला होता. आवाज स्वच्छ होता, पण गाणं डोक्याच्या आत कोंडल्यासारखं वाटायचं आणि स्वतःचा श्वास ऐकू यायचा. मग नातवाने मागून उघडा असलेला हेडफोन दिला, ज्याच्या कपाला बाहेरून जाळी असते. हवा खेळती राहते, कान तापत नाहीत, आणि गाणं समोर कुठेतरी चाललं आहे असं वाटतं. हा प्रकार १९६८ मध्ये सेनहायझरच्या एचडी ४१४ ने लोकांपुढे आणला असं नातवाने वाचून दाखवलं. म्हणजे मी शाळेत असल्यापासून ही सोय होती आणि मला पन्नास वर्षांनी समजली.

त्याचा एक तोटा सांगतो. आत वाजतं ते बाहेरही ऐकू जातं. ही शेजारी झोपलेली असते, म्हणून मी बाहेरच्या खोलीत बसतो. आणि कूलर लावून तो हेडफोन निरुपयोगी आहे. एप्रिल ते जून मी ऐकणं पहाटे पाचवर नेतो, तेव्हा कूलर बंद करता येतो.

विजयनगर, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

आजोबा, गेम खेळणारेही खूप जण उघड्या जाळीचाच घेतात, तुम्ही सांगितलंत त्याच कारणाने. आवाज समोर आणि लांब वाटतो, पावलांचा अंदाज चांगला येतो. होस्टेलात मात्र रूममेट वैतागतो.

सुदामानगर (धागा काढणारी)

कालचं सांगते. मुलाला समोर बसवून हेडफोन लावायला सांगितला आणि त्याच्या कानामागून बोट फिरवलं. चष्म्याच्या काडीपाशी गादी उचलली गेली होती, माझं बोट जाईल एवढी फट. चष्मा काढून हेडफोन परत लावायला सांगितला तर लगेच म्हणाला, आई, आवाज मोठा का झाला? आवाजाला कोणी हात लावला नव्हता. फटीतून खालचा सगळा घुमारा निसटत होता, कूलरचा आवाज आत येत होता, आणि तो महिनोन्‌महिने आवाज चढवत होता. दुखणं मला दिसत होतं, हे दिसत नव्हतं.

संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात जाऊन पातळ काड्यांची फ्रेम घेतली, काचा त्याच बसवल्या. लोकमान्यनगरच्या आजींसारख्या टोप्या माझ्या सासूबाई शिवताहेत. हेडफोन तोच ठेवलाय, पट्टा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून. रात्री खेळायला बसला तेव्हा मी लॅपटॉपवर बघितलं. आवाजाचा आकडा (शंभरपैकी, डेसिबल नव्हे) ७८ वर असायचा, काल ५० वर होता, आणि त्याने तो स्वतःहून खाली आणला होता.