'कंटाळा येऊ द्या' : इथे 'कंटाळा' बरोबर आहे का?

प्रश्न : एकाग्रतेसाठी आणि नवं काही सुचण्यासाठी अधूनमधून बोअर होणं चांगलं, अशा विषयावर लिहितोय. 'कंटाळा' लिहिलं की आळसाचं समर्थन केल्यासारखं वाटतं. वीट, उबग, रिकामपण यांतलं काही चालेल?

प्रतिसाद : वीट आणि उबग नकोत. तेच ते फार झालं की वीट येतो. इथे उलट, मनाला पुरेसं काही मिळतच नाहीये. कंटाळाच ठेवा, पण क्रियापद सांभाळा. 'अभ्यासाचा कंटाळा करतो' म्हणजे टाळाटाळ. 'अभ्यासाचा कंटाळा आहे' म्हणजे नावड. 'बसून बसून कंटाळा आला' हा तुमचा अर्थ. आळसाचा वास येतो तो 'करणे'मुळे.

दुसरा प्रतिसाद : रिकामपण का नको? सुटसुटीत आहे की.

प्रतिसाद : एक तर भाषेत त्याची बदनामी फार. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.' (रिकाम्या माणसाला काहीतरी सुचतं हे म्हणही मान्य करते, फक्त सुचलेलं फालतू ठरवते!) शिवाय अर्थही जुळत नाही. सँडी मान आणि रिबेका कॅडमन यांच्या 2014 च्या प्रयोगात लोकांना 15 मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले. मग थर्माकोलच्या दोन कपांचे उपयोग विचारले, तर न कंटाळलेल्यांपेक्षा त्यांना जास्त सुचले. नंबर नुसते वाचणाऱ्यांना त्याहूनही जास्त. यातलं कुणीच रिकामं नव्हतं. काम होतं, पण मन गुंतेल असं नव्हतं.

खरं रिकामपण बघायचं तर त्याच वर्षीचा टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. खोलीत 15 मिनिटं एकटं बसायचं, सोबत फक्त विचार आणि विजेचा सौम्य झटका देणारं बटण. 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी स्वतःला झटका दिला.

तिसरा प्रतिसाद : 'निवांतपणा' सुचवतो. ऐकायलाही गोड.

प्रतिसाद : गोड आहे हीच अडचण. निवांत माणसाला कुठे जायचं नसतं. कंटाळ्यात चुळबुळ असते. ती सहन होत नाही म्हणून हात फोनकडे जातो, आणि फोन नसला तर मन स्वतःच काहीतरी रचायला घेतं.

प्रश्नकर्ता : पटलं. 'कंटाळा येऊ द्या' ठेवतो. 'करा' लिहिलं तर घरचेच पुरावा म्हणून वापरतील.